नाण्यांच्या पारख्याने शोधलेला अशोक
जेम्स प्रिन्सेप यांचे चरित्र



तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी एक रुपयाचे एक नाणे जपून ठेवलेले असेल. कोणी ते पेटीच्या कप्प्यात ठेवले असेल, कोणी बाबासाहेबांच्या तसबिरीच्या चौकटीत खोचले असेल. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने १९९० साल घालून काढलेले हे तांबे-निकेलचे नाणे आहे. पुढे १२५ व्या जयंतीच्या निमित्ताने २०१५ साली दहा रुपयांचे आणि १२५ रुपयांचे अशी आणखी दोन नाणी निघाली. दहाचे नाणे बाजारात चालण्यासाठी होते, १२५ चे संग्रह करणाऱ्यांसाठी. थोर माणसाच्या किंवा मोठ्या घटनेच्या स्मरणार्थ नाणे काढण्याची चाल स्वतंत्र भारतात १९६४ पासून, पंडित नेहरूंच्या नाण्यापासून सुरू झाली. अशी नाणी गोळा करण्याचा छंद आता आपल्याही मुलांना लागला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे.

आता ते एक रुपयाचे नाणे हातात घ्या आणि उलटून पाहा. एका बाजूस बाबासाहेब आहेत आणि दुसऱ्या बाजूस सिंह. हे सिंह सारनाथच्या अशोकस्तंभाचे आहेत, हे शाळेत जाणारे मूलही सांगेल. परंतु दोनशे वर्षांपूर्वी हे सांगणारा माणूस या देशात सापडला नसता. सम्राट अशोक हे पुराणांतील राजांच्या यादीत पडलेले एक नुसते नाव होते. त्याचे स्तंभ उभे होते, पण लोक त्यांना भीमाची काठी म्हणत. त्याचे लेख खडकांवर होते, पण ती अक्षरे कोणालाच वाचता येत नव्हती. आपल्याकडे नाशिकची बौद्ध लेणी पांडवांची झाली, तसेच हे झाले. ज्यांचे अक्षर वाचता येत नाही, त्यांचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर चढतो.

हे अक्षर ज्याने वाचून दाखविले तो माणूस भिक्खू नव्हता, पंडित नव्हता, बौद्धही नव्हता. तो टांकसाळीत सोन्याचांदीचा कस तपासणारा नोकर होता आणि त्याला जुनी नाणी जमविण्याची हौस होती. त्याचे नाव जेम्स प्रिन्सेप. त्यांचे चरित्र प्रत्येक बौद्ध कुटुंबाला माहीत असले पाहिजे, म्हणून आज ते तुमच्यापुढे ठेवतो.

बालपण आणि बनारसची दहा वर्षे

जेम्स प्रिन्सेप यांचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजी इंग्लंडमध्ये झाला. आईबापांचे ते दहावे अपत्य. वडील जॉन प्रिन्सेप १७७१ साली जवळजवळ रिकाम्या हाताने हिंदुस्थानात आले. निळीच्या धंद्यात त्यांनी पैसा केला आणि कंपनीसाठी तांब्याची नाणी पाडण्याचा मक्ताही चालविला. इंग्लंडला परतल्यावर मात्र ती संपत्ती फार काळ टिकली नाही. त्यामुळे मुलांना आपापली वाट शोधणे भाग पडले.

जेम्स यांचा हात चित्रकलेत आणि बारीक यंत्रकामात चांगला होता. म्हणून त्यांना वास्तुशास्त्र शिकायला घातले. पण डोळ्यांना विकार जडला आणि तो अभ्यास सोडावा लागला. पुढे डोळे सुधारले. तेव्हा लंडनच्या टांकसाळीत धातूंचा कस लावण्याचे शिक्षण घेऊन ते सप्टेंबर १८१९ मध्ये कलकत्त्यास उतरले. त्या वेळी त्यांचे वय होते वीस वर्षे.

कलकत्त्याच्या टांकसाळीत त्यांचे वरिष्ठ होते संस्कृतचे विद्वान होरेस हेमन विल्सन. वर्षभराच्या आतच प्रिन्सेप यांची नेमणूक बनारसच्या टांकसाळीवर झाली आणि १८३० साली ती टांकसाळ बंद होईपर्यंत ते तेथेच राहिले. कस लावण्याचे काम बारकाईचे असते. भट्टीची उष्णता किती आणि मुशीतल्या चांदीत भेसळ किती, हे अंदाजाने सांगून चालत नाही. प्रिन्सेप यांनी भट्टीची उष्णता मोजण्याची नवी रीत बसविली. एका ग्रेनचा तीन हजारावा भाग दाखवील असा तराजूही त्यांनी तयार केला. या कामामुळे १८२८ साली त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळाले.

पण टांकसाळीच्या चार भिंतींत बसून राहणारा हा माणूस नव्हता. त्यांनी बनारस शहराची मोजणी करून नकाशा काढला, लोकसंख्येची गणना केली आणि तुंबलेले सांडपाणी गंगेकडे नेण्यासाठी जमिनीखालून बोगदा बांधला. कर्मनाशा नावाच्या नदीवर त्यांनी दगडी पूलही बांधला. या नदीच्या पाण्याचा स्पर्श झाला की जन्माचे पुण्य नष्ट होते, अशी समजूत होती. स्पर्शाच्या भीतीने माणसाचे काय होते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. पाण्याला भिणारी माणसे पुलावरून पलीकडे जाऊ लागली.

बनारसच्या ज्या घरात ते राहत होते, तेथून सारनाथ काही कोसांवर होते. आज आपल्या नाण्यावर असलेले सिंह त्या वेळी सारनाथच्या मातीखाली पडून होते. ते वर यायला १९०५ साल उजाडले.

रुपया एक झाला

१८३० साली प्रिन्सेप कलकत्त्याच्या टांकसाळीत परत आले. विल्सन विलायतेस गेल्यावर १८३२ साली ते तेथील मुख्य पारखी झाले. त्या काळी देशात एकच रुपया नव्हता. सिक्का रुपया निराळा, फरुखाबादी निराळा, सुरती निराळा, मद्रासचा निराळा. एका मुलखाचा रुपया दुसऱ्या मुलखात नेला की सराफ बट्टा कापून घेत असे. या गोंधळात सराफाचे घर भरत होते आणि गरिबाचे रिकामे होत होते. प्रिन्सेप यांनी सर्वत्र एकाच वजनाच्या आणि एकाच कसाच्या रुपयाचा आग्रह धरला. १८३३ साली १८० ग्रेनचा तोळा ठरला. आज आपण तोळा ११.६६ ग्रॅमचा म्हणतो, तो हाच. १८३५ च्या कायद्याने त्याच वजनाचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदी असलेला रुपया कंपनीच्या सर्व मुलखात सुरू झाला.

हा १८३५ चा कायदा आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी लंडन विद्यापीठाच्या डॉक्टर ऑफ सायन्स पदवीसाठी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि तो १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात याच कायद्याचा विचार आहे. टांकसाळीच्या पारख्याने ज्या रुपयाचे वजन ठरविण्यास हातभार लावला, त्याच रुपयाचा सारा हिशेब पुढे महार जातीत जन्मलेल्या एका विद्यार्थ्याने लंडनच्या विद्वानांपुढे मांडला.

नाण्यांचा नाद

टांकसाळीत जुनी नाणी वितळविण्यासाठी येत. वितळण्यापूर्वी त्यांच्यावर काय लिहिले आहे, हे पाहण्याची ओढ प्रिन्सेप यांना लागली. १८३२ पासून ते एशियाटिक सोसायटीचे मासिक चालवीत होते आणि पुढे त्या संस्थेचे चिटणीसही झाले. सोसायटीच्या मासिकातून त्यांनी साऱ्या देशातील माणसांना हाक दिली. नाणी पाठवा, शिलालेखांचे ठसे पाठवा, असे ते पत्रे लिहून सांगत. त्यांच्या मेजावर काबूलपासून सिलोनपर्यंतची पाकिटे येऊन पडू लागली.

रणजितसिंहाच्या फौजेतील सेनापती व्हेंचुरा याने १८३० साली रावळपिंडीजवळ माणिक्याल येथील स्तूप उकरला. त्यातील नाणी प्रिन्सेप यांच्याकडे आली. कंपनीच्या पलटणीतून पळालेला आणि चार्ल्स मॅसन या खोट्या नावाने वावरणारा एक माणूस काबूलजवळच्या बेग्रामच्या माळावर हजारोंनी नाणी वेचत होता. त्याच्या ध्यानात एक मोठी गोष्ट आली. ग्रीक राजांच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक अक्षरे आहेत आणि दुसऱ्या बाजूस दुसरीच एक अनोळखी लिपी आहे. मग दोन्हीकडे राजाचे नाव एकच असले पाहिजे. हे त्याने प्रिन्सेप यांना कळविले आणि त्या धाग्यावरून प्रिन्सेप यांनी खरोष्ठी लिपीची अक्षरे एकेक करून सोडविली.

या नाण्यांवरील एका राजाचे नाव मेनँडर. तुम्ही त्याला दुसऱ्या नावाने ओळखता. भदंत नागसेनांना अवघड प्रश्न विचारणारा राजा मिलिंद तो हाच. बाबासाहेबांनी त्या वेळच्या औरंगाबादेत १९५० साली काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणू लागले. ग्रंथात मिलिंद आहे, नाण्यावर मेनँडर आहे. नाणे बोलले म्हणून ग्रंथातील राजा गोष्टीतला राहिला नाही, इतिहासातला झाला. तसेच कनिष्काच्या काही सोन्याच्या नाण्यांवर खुद्द तथागतांची मूर्ती असून शेजारी ग्रीक अक्षरांत बोद्दो असे नाव कोरलेले आहे.

दानं

आता या चरित्रातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे या.

अशोकस्तंभांवरची लिपी, जिला आज आपण ब्राह्मी म्हणतो, ती मात्र वळत नव्हती. प्रिन्सेप यांनी कोणते अक्षर किती वेळा येते याचे तक्ते केले आणि स्वरांच्या खुणा वेगळ्या काढल्या. जर्मन पंडित लासेन यांनी १८३६ साली ग्रीक राजा अगाथोक्लिस याच्या नाण्यावरून त्याचे ब्राह्मीतील नाव वाचले. पण कुलूप उघडले नव्हते.

१८३७ साली कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी सांचीच्या स्तूपावरील लेखांचे ठसे पाठविले. ते मोठे राजलेख नव्हते. दगडी कठड्याच्या खांबांवर आणि आडव्या पट्ट्यांवर कोरलेल्या एकेक ओळीच्या लहान लहान ओळी होत्या. मासिकात छापण्यासाठी त्या नीट लावीत असताना प्रिन्सेप यांच्या लक्षात आले की, जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी तीच दोन अक्षरे आहेत.

त्यांनी विचार केला. एकाच स्तूपावर इतक्या लहान लहान ओळी कशासाठी असतील? ब्रह्मदेशच्या पॅगोडांत उपासक लोक आपण दिलेल्या वस्तूवर आपले नाव लिहून ठेवतात, हे त्यांना ठाऊक होते. मग येथेही दान देणाऱ्यांची नावे असतील. तसे असेल तर शेवटचा शब्द दानं असाच असला पाहिजे. त्या दोन अक्षरांच्या आधी बहुतेक वेळा एक ठराविक अक्षर येत होते. ते अक्षर त्यांनी सौराष्ट्राच्या क्षत्रप राजांच्या चांदीच्या नाण्यांवर पाहिले होते. तो होता स, म्हणजे आपल्या मराठीतील चा, ची, चे. अमक्याचे दान, तमकीचे दान, असा अर्थ लागला. द मिळाला, न मिळाला, आकाराची रेघ मिळाली, अनुस्वाराचा ठिपका मिळाला. तेथून पुढे थोड्याच दिवसांत सारी वर्णमाला हाती आली.

वाचकहो, येथे थोडे थांबा. शतकानुशतके मुकी झालेली लिपी कोणत्या शब्दाने बोलती झाली? राजाच्या पदवीने नाही, कोणा देवाच्या नावाने नाही. ती दान या शब्दाने बोलती झाली. आणि हे दान कोणाचे होते? सांचीच्या दात्यांत व्यापारी आहेत, गावोगावचे साधे गृहस्थ आहेत, त्यांच्या बायका आहेत, पुष्कळ भिक्खुनी आहेत, विदिशेचे हस्तिदंताचे कारागीर आहेत. आपापल्या ऐपतीप्रमाणे कोणी एक खांब दिला, कोणी एक पट्टी दिली. त्यांनी दिले आणि नाव कोरले म्हणून अशोक आपल्याला परत मिळाला. गावातील विहाराच्या बांधकामाला तुम्ही एक पोते सिमेंट किंवा चार फरशा देता आणि ते दान फारच लहान वाटून संकोचता. तेव्हा सांचीचा तो कठडा आठवा.

प्रियदर्शी कोण?

अक्षर आले तशी प्रिन्सेप यांनी दिल्लीच्या स्तंभावरील लेखाला सुरुवात केली. वाचनात त्यांना पंडित कमलाकांत विद्यालंकार यांचे आणि पाली जाणणाऱ्या रत्नपाल या सिंहली गृहस्थाचे साहाय्य होते. प्रत्येक लेखाच्या आरंभी देवांना प्रिय असा पियदसी राजा येत होता. पण या नावाचा राजा कोणत्याच वंशावळीत सापडेना. प्रिन्सेप यांना प्रथम वाटले की, तो सिलोनचा राजा असावा.

उत्तर सिलोनहूनच आले, पण निराळे. तेथील अधिकारी जॉर्ज टर्नर पाली ग्रंथांचा अभ्यास करीत होते. दीपवंस या ग्रंथात त्यांना आढळले की, पियदस्सी हे चंद्रगुप्ताचा नातू अशोक याचेच नाव आहे. भारतातून धम्म हुसकला गेला, पण सिंहली भिक्खूंनी ताडपत्रांवर अशोकाची आठवण जपली होती. दगड भारतात होता आणि त्याची ओळख लंकेत होती. दोन्ही एकत्र आली, तेव्हा अशोक उभा राहिला.

पुढे गिरनारच्या खडकावरील लेखाचे ठसे मुंबईकडून गेले. त्यात प्रिन्सेप यांना ग्रीक राजांची नावे सापडली. त्या राजांचा काळ युरोपच्या इतिहासातून माहीत होता, म्हणून अशोकाचा काळही इ.स.पू. तिसऱ्या शतकात पक्का झाला. १९१५ साली कर्नाटकात मस्की येथे खुद्द अशोक हे नाव असलेला लेख सापडला आणि उरलीसुरली शंकाही मिटली.

अंत

या शोधाचे सुख प्रिन्सेप यांना फार दिवस लाभले नाही. दिवसा टांकसाळ, संध्याकाळी सोसायटी, रात्री नाणी आणि ठसे, असा त्यांचा क्रम होता. १८३५ साली त्यांचा विवाह हॅरिएट यांच्याशी झाला होता आणि १८३७ साली मुलगी झाली होती. पण १८३८ मध्ये त्यांचे डोके असह्य दुखू लागले. त्याच वर्षी त्यांना जहाजाने इंग्लंडला नेले. तेथे मेंदूचा विकार वाढत गेला आणि जी बुद्धी अक्षरामागून अक्षर उलगडत होती, तीच विझली. २२ एप्रिल १८४० रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे चाळीस. कलकत्त्याच्या लोकांनी हुगळीच्या काठी त्यांच्या नावाचा घाट बांधला, तो आजही आहे. त्यांचा नाण्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. त्यांचे तरुण सहकारी अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी ते काम पुढे चालविले. १८६१ साली सरकारचे पुरातत्त्वाचे काम कनिंगहॅम यांच्या हाती आले आणि बुद्धभूमीतील स्थळे एकामागून एक प्रकाशात आली.

प्रिन्सेप कंपनी सरकारचे नोकर होते आणि कंपनीने हा देश लुटला, हे आपण विसरायचे नाही. पण सत्य ज्याच्या हातून बाहेर आले त्याचे ऋण मान्य करणे, हे कृतज्ञ माणसाचे लक्षण आहे. तथागतांनी कृतज्ञता मंगल मानली आहे.

तुमच्या हातातील नाणे

प्रिन्सेप यांनी सोडविलेल्या अक्षरांमुळेच आज महाराष्ट्रातील लेणी वाचता येतात. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी तीन हजार कार्षापण नाणी विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेवीने ठेवली. त्यातील दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज. मुलांना गणित करायला सांगा. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा नाणी. हिशेब अगदी बरोबर जुळतो! १९०६ साली नाशिक जिल्ह्यातच जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती नहपानाची होती आणि त्यातील बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. जिंकलेल्या राजाच्या चेहऱ्यावर आपली खूण. ते त्या काळचे विजयाचे स्मारक नाणेच म्हणायचे.

म्हणून घरातील स्मारक नाण्यांकडे पारख्याच्या नजरेने पाहायला मुलांना शिकवा. नाणे कडेने धरावे. राख, चिंच किंवा पॉलिश लावून घासू नये, कारण झिजलेले अक्षर पुन्हा येत नाही. गळ्यात घालण्यासाठी त्याला भोक पाडू नये. हळदकुंकू वाहून त्याचा देव करू नये, कारण बाबासाहेबांनी आपल्याला त्यातूनच सोडविले. स्वच्छ कागदाच्या पाकिटात ते ठेवावे. शेजारी वहीत साल, धातू, कोणत्या निमित्ताने निघाले आणि घरात कोणी आणले, हे लिहावे. जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळवून देतो असे सांगून आधी पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा. अशा फसवणुकीविषयी रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर इशारा दिला आहे. आणि शेतात नांगरताना जुन्या नाण्यांचे मडके लागले, तर ते सोनाराच्या मुशीत जाऊ देऊ नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यास कळवा. त्या मडक्यात कोणाचे हरवलेले नाव असेल, हे आज सांगता येणार नाही.

आपल्याला इतिहास नाही, असे आपल्या आजोबा-पणजोबांना पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आले. इतिहास होता, पण तो वाचता येणारा कोणी उरला नव्हता. आता आपल्या घरात वाचणारी मुले आहेत. येत्या रविवारी वंदना झाल्यावर ते एक रुपयाचे नाणे मुलांच्या हाती द्या. दोन्ही बाजू दाखवा आणि दोन्ही बाजूंची गोष्ट सांगा.

जय भीम.